डाव्या हाताचे पाच जवान

बाबा,

कार्डावर चाळीस शब्द मावतात, त्याहून एक जास्त नाही. मी टायपाच्या मापाने मोजून पाहिलं. तुम्ही गेल्याला एकवीस वर्षं झाली, आणि आता तुमचे पाच जवान काचेच्या कपाटात उभे राहणार आहेत. सीताबर्डीला जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरतंय. भरवणारी बाई कॉलेजात शिकवते, वय तिशीच्या आतलं, मला काका म्हणते. प्रत्येक वस्तूखाली एक कार्ड लागणार: काय आहे, कधीचं आहे, कशाचं केलेलं आहे. नाव आणि साल ती वर वेगळं छापणार. माझ्या कार्डात मात्र तिला आणखी एक गोष्ट हवी आहे. "काका, हे पाचही जवान डावखुरे का, तेवढं नक्की लिहा. लोक तेच विचारतात."

विचारतात खरे. आणि इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आलो: हाताची सवय. माझे बाबा जन्मभर छापखान्याचे ठसे कोरत होते, ठसा उलटाच कोरावा लागतो, म्हणून जवानही उलटे कोरले गेले. लोकांना हे उत्तर फार आवडतं. पुण्याच्या एका संग्राहकाने तर ते ऐकून चष्मा काढून पुसला होता, आणि नंतर एका मासिकात लिहूनही टाकलं. पण ते खरं नाही. खरं नाही हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. त्यांतले एक तुम्ही. कार्ड मंगळवारी छापायला जाणार, आणि त्यावर काय लिहायचं यापायी माझे दहा दिवस गेले.

आधी तुम्हाला माझं सांगतो, कारण तुम्ही यातलं काहीच पाहिलं नाही. माझ्याकडे आज चारशे अकरा सैनिक आहेत. शिशाचे, मातीचे, पत्र्याचे, लाकडाचे, प्लास्टिकचे. नववीत शाळा सोडलेल्या कंपोझिटरने डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी कॅटलॉग वाचले, परदेशात पत्रं लिहिली, उत्तरंही मिळवली. कोणाच्या शर्टाला किती खिसे, कोणत्या सालापासून कमरेचा पट्टा कापडी झाला, हे लोक मला येऊन विचारतात. एका पुस्तकात एका पलटणीच्या टोपीचा तुरा चुकीच्या बाजूला छापला होता. मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला त्यांनी माफी मागितली. ही शेखी झाली, मला कळतं. पण तुमच्यासमोर नाही मिरवायची तर कोणासमोर?

चारशे अकरांमधले माझे सर्वांत लाडके मात्र हे पाच. कोणत्याच दुकानात ते कधी विकले गेले नाहीत. प्रत्येकी सव्वाआठ इंच, हळदूचं लाकूड, अजून तसंच पिवळसर, नखाने दाबलं तरी खूण पडत नाही इतकं घट्ट. खांद्यांत तांब्याची खीळ, कमरेत सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवलेली, म्हणून हात फिरतात आणि पाय गुडघ्यात वाकतात. पहिला सलामी देणारा. दुसरा पहाऱ्यावरचा, बंदूक पायाशी. तिसरा एका गुडघ्यावर बसून नेम धरणारा. चौथा वायरलेसवाला सरदार, पगडीची घडी नि घडी मोजता येते. आणि पाचवा मगातून चहा पिणारा. हे काम देणाऱ्या शेठनी असा जवान मागितलाच नव्हता. तुम्ही म्हणालात, "जवान काय दिवसभर गोळ्याच मारते का? थकन का नाई थो?" त्याने दोन्ही तळव्यांत मग धरलाय, बोटं गरम मगाला धरावीत तशी थोडी सैल. सगळ्या संग्रहात असा हात दुसरा नाही. आणि पाचही जणांचं सगळं उलटं. सलाम डाव्या हाताने. बंदुकीच्या बोल्टाची मूठ उजवीकडे हवी, ती डावीकडे. शर्टाची पट्टीसुद्धा बायकांच्या पोलक्यासारखी उजवी डावीवर.

हे काम आपल्याकडे कसं आलं ते लिहितो. तुम्हाला माहीत आहे, पण मला क्रमाने लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छप्पन साली आपण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तुम्ही देवादिकांचे ठसे कोरणं बंद केलं. बिडीचं बंडल म्हटलं की त्यावर लक्ष्मी नाहीतर गणपती, निम्मं काम तेच. इतवारीतले व्यापारी जुन्या ओळखीने यायचे, आणि तुम्ही त्यांना पाटावर बसवून, पाणी देऊन, दुसऱ्या चांगल्या कारागिराचा पत्ता सांगायचात. एकाने विचारलं, "का हो मास्तर, हात दुखतो का?" तुम्ही म्हणालात, "हात नाई दुखत. आता थे माह्यानं होत नाई." एवढंच. मग वाघ कोरले, मोर कोरले, तराजू कोरले, विमानं कोरली. नऊ वर्षं. आणि पासष्टची लढाई संपल्यावर त्या हिवाळ्यात जरीपटक्याचे शेठ आपल्या दारात आले. त्यांच्या शेडमध्ये हाताने दाबायचं प्लास्टिकचं यंत्र होतं, त्यावर कंगवे आणि बटणं निघायची. त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून हातपाय हलणारा एक फौजी पाठवला होता, तो त्यांनी तुमच्या हातात ठेवला. "मास्टरजी, ये गोरा फौजी हमारे बच्चों के किस काम का? अपना जवान बनाओ. पाँच बनाओ." ते गेल्यावर तुम्ही त्या गोऱ्या फौजीचा हात वर-खाली करत किती वेळ बसला होता! मग आईला म्हणालात, "देव कोरून झाले, वाघ कोरून झाले. आता मानूस कोरून पायतो." तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. तुमचे डोळे तेव्हाच थकत चालले होते, भिंगाशिवाय बारीक काम होत नव्हतं. हे काम आपलं शेवटचं मोठं काम असणार, हे तुम्हाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

एका रविवारी आपण सायकलने कामठीला जातो. मी पेडल मारतोय, तुम्ही मागे कॅरियरवर, खिशात वही. छावणीच्या तारेबाहेर उभे राहून तुम्ही डोळे बारीक करून पाहताय, पाहताय, शेवटी एक शिपाई तरातरा आपल्याकडे येतो. "क्या देख रहे हो इधर?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "तुम्हारे पैर की पट्टी के बल गिन रहा हूँ भाई. यहाँ से ठीक दिखते नहीं." त्याला वाटलं म्हातारा वेडा असावा. मग तुम्ही वही दाखवलीत, त्यात त्याच्याच टाचेचं चित्र. तो हसला, आणि आपला बूट तारेच्या खालच्या ओळीवर ठेवून म्हणाला, "गिन लो बाबा, आराम से गिन लो." तुम्ही वाकून मोजलेत. परतताना सबंध रस्ताभर मागून तुमचं एकच चाललेलं: गाठ बाहेरच्या अंगाला, गाठ बाहेरच्या अंगाला. आज कोणी मला विचारतं, हा बारकाव्यांचा नाद तुम्हाला कुठून लागला, तर मी कॅटलॉगांची नावं सांगतो. खरं म्हणजे तो मला त्या तारेपाशी लागला.

सलामी देणारा तुम्ही आधी सुलटाच कोरायला बसला होता. लाकूड तासून, हात उजवीकडे काढून, नुसता आकार आणला होता. आणि मी एका इंग्रजी मासिकात साच्याबद्दल अर्धं पान वाचलं होतं. अर्धंच, कारण उरलेलं पान फाटलेलं होतं. त्यात लिहिलं होतं की साचा म्हणजे वस्तूची उलटी प्रत. मला काय, मी टायप जुळवणारा, माझं आयुष्य उलटी अक्षरं वाचण्यात चाललेलं. तुमचं उलटे ठसे कोरण्यात. आपल्या घरात सगळं एकदाच उलटं व्हायचं आणि कागदावर सुलटं उतरायचं. मी म्हणालो, बाबा थांबा, हा उलटा कोरा. तुम्ही म्हणालात, "काहून?" मी तुम्हाला स्वयंपाकघरात नेलं. आई परातीत कणीक मळून राहिली होती. मी गोळा उचलला, थापला, जवान त्यात पालथा दाबला आणि काढला. कणकेतल्या खड्ड्यात हात डावीकडचा दिसत होता. "पाहा. उजव्याचा डावा झाला की नाही?" आई म्हणाली, "झाला तं झाला. आता हे कणीक कोन खाईन? भुसा लागला न तिले." मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या खड्ड्यात बोट फिरवलंत, आणि विचारलंत, "आन् या कणकेत पुन्हा काही भरलं तं? त्यातून थे कसं निघन?"

बाबा, हाच तो प्रश्न. यापलीकडे साच्याच्या शास्त्रात काही नाही. साचा उलटा, आणि साच्यातून निघालेलं पुन्हा सुलटं. एकदा वितळलेलं मेण ओतून पाहिलं असतं तरी पाच मिनिटांत कळलं असतं. आणि मी काय म्हणालो? "ठशाचं तुम्ही पाहा बाबा. साच्याचं मी वाचलंय." तुम्ही क्षणभर माझ्याकडे पाहिलंत, बोटाची कणीक परातीच्या काठाला पुसलीत, आणि बाहेर जाऊन नवीन लाकूड घेतलंत. मुलगा शिकलेला आहे, म्हणतोय तर असेल. पाच महिने तुम्ही डावे हात कोरत राहिलात. शेठनी लाकडी जवान पाहिले तेव्हा त्यांनी लहान पोरासारखे त्यांचे हातपाय हलवले, चहावाल्याला पाहून टाळी वाजवली, पण डावं-उजवं त्यांच्या ध्यानात आलं नाही. ते कंगवेवाले. कंगव्याला डावं-उजवं नसतं. सलामीवाला साच्यासाठी मुंबईला गेला, आणि तिथल्या कारागिराने जसा दिला तसा साचा केला, त्याचा काय दोष?

पोळ्याच्या सुमाराची दुपार. शेठनी आपल्याला बोलावून घेतलं आहे. टेबलावर हिरव्या प्लास्टिकचा पहिला जवान उभा, अजून वास येतोय. यंत्रावरचा माणूस तोंडावर हात धरून हसतोय. शेठ हसत नाहीत. म्हणतात, "मास्टरजी, ये तो उल्टे हाथ से सलाम ठोक रहा है." मला कणीक दिसली. त्या एका क्षणात मला सगळं समजलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. रागाने नाही. कंपोज झालेल्या ओळीत एखादं अक्षर चुकलं की आपण पाहतो तसं, हे काढायचं की राहू द्यायचं, असं. मग शेठकडे वळून म्हणालात, "हाथ की आदत है सेठजी. जनम भर उल्टा ही खोदा, ये भी उल्टा हो गया." शेठ भले माणूस. म्हणाले, "अरे, आदत तो आदत है." तुम्ही म्हणालात, "फिर से खोद देता हूँ. चार महीने दे दो." शेठनी नकारार्थी मान हलवली. दिवाळीच्या आत माल दुकानात हवा होता, यंत्र त्यांनी साबणाच्या डब्यांना दिलंसुद्धा होतं. "बुरा मत मानना मास्टरजी. आप के हाथ में जान है." पाचही लाकडी जवान त्यांनी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून तुमच्या हाती दिले. हे सगळं होईपर्यंत मी टेबलाला टेकून उभा होतो. एक शब्द बोललो नाही. बोलायला जागा होती, तीन वेळा होती. मी मोजल्यात.

परतताना इंदोऱ्याजवळ तुम्ही सायकल थांबवायला लावलीत. मला वाटलं, आता. तुम्ही मांडीवरचं गाठोडं दुसऱ्या हातात घेतलंत आणि म्हणालात, "येक सांगू का गा तुले? तुया टायपाच्या केसमंदी सगळे अक्षरं हायेत. पन 'मले माहीत नाई' एवढी ओळ काही जुळून नाई राहिली." मग जरा हसलात. "चाल आता, उशीर होऊन राहिला." जन्मात तुम्ही मला दिलेला बोल म्हणाल तर हा एवढाच. त्यानंतर दोन वर्षं तुम्ही होता, आणि जवानांचा विषय घरात एकदाही निघाला नाही. आईलासुद्धा तुम्ही हाताची सवयच सांगितली होती.

तुम्ही गेल्यावर गाठोडं माझ्याकडे आलं. पहिल्यांदा कोणी विचारलं तेव्हा तुमचंच वाक्य माझ्या तोंडून गेलं, जसंच्या तसं, आणि इतक्या सहज गेलं की मला वाटलं यात खोटं काय, बाबाच तर असं म्हणाले होते. नंतर नंतर मी ते रंगवून सांगू लागलो. कलावंताचा हात, जन्माची सवय, वगैरे. गेले दहा दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की ते वाक्य तुम्ही मला पांघरूण म्हणून दिलं होतं, आणि बापाने घातलेलं पांघरूण चारचौघांत काढून फेकणं बरं नव्हे. पटत आलं होतं. पण परवा मी कपाट लावायला हॉलवर गेलो होतो. दोन कॉलेजच्या मुली मदतीला होत्या. एकीने सलामीवाल्याला उचललं, दुसरीला हाताच्या सवयीची गोष्ट सांगितली, ती तिला आधीच माहीत होती. दुसरी म्हणाली, "बिचारे. त्यांच्या लक्षातच आलं नसेल ना गं?" चांगल्या मनाने म्हणाली, अगदी कळवळून. आणि मी हातातला चहावाला परत टेबलावर ठेवला. ज्या घरात फक्त एका माणसाच्या लक्षात आलं होतं, त्याच माणसाला ही पोरगी बिचारे म्हणत होती, आणि ते तिला मी शिकवलं होतं.

घरी येऊन मी कार्ड लिहिलं. असं: "जवान, पाच नमुने. हळदूचं लाकूड, सांधे हलते. कामठीच्या जवानांना पाहून कोरले. विक्रीला कधीच आले नाहीत. साच्यात उलटं होतं, असं कोरणाऱ्याला त्याच्या मुलाने सांगितलं, म्हणून डावखुरे. त्यातून पुन्हा काय निघेल, असं कोरणाऱ्याने तेव्हाच विचारलं होतं. मुलाने उत्तर दिलं नाही." अडतीस शब्द. आज सकाळी ती बाई घरी आली, तिने दोनदा वाचलं, बोटाने शब्द मोजले. मग म्हणाली, "काका, जुनी गोष्ट लोकांना जास्त आवडली असती." मी म्हणालो, "आवडली असती." ती म्हणाली, "मग हेच छापू?" मी म्हणालो, "हेच छापा." हे म्हणताना माझा आवाज कापला नाही, हे मला तुम्हाला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. कुठल्या पेटीत टाकायचं नाही. लिहून ठेवायचं, बस.

पण एक राहिलं. जाताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "दोन शब्दांची जागा उरते काका. मुलाचं वय घालू या का? लहान होता म्हटलं की वाचणाऱ्यालाही बरं वाटेल. किती वर्षांचे होता तुम्ही?" आणि मी म्हणालो, "पंधरा." तिने तिथेच पेनाने 'पंधरा वर्षांच्या' लिहिलं आणि कार्ड घेऊन गेली. बाबा, मला तेव्हा चोविसावं चालू होतं. सहा वर्षं छापखान्यात झाली होती, लग्न ठरलं होतं. फोन कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आहे, पाच मिनिटांचा रस्ता, तिचा नंबर माझ्याकडे आहे, आणि मी अजून खुर्चीवरून उठलेलो नाही.